इंजिनाच्या नाकात बाभळीचं बूच

सन एकोणीसशे एकाहत्तर. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, आणि कारंज्यापासून रिसोडपर्यंत इंजिनातलं माझ्याएवढं दुसऱ्या कोणाला समजत नाही अशी माझी पक्की खात्री होती. तेव्हा आमचा सगळा भाग अकोला जिल्ह्यात मोडत होता. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. ज्या वर्षी आमच्या लोकांनी धम्म घेतला त्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो. बापानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, गावकीचं सगळंच सोडलं, आणि मला म्हणाला, "आता असं काम शिक, का लोकं तुले बोलवाले घरी येतीन." मी इंजिन शिकलो. आणि लोक खरोखर घरी येऊ लागले. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं आणि संत्र्याची बाग वाळायला लागली की मोठमोठे पाटील आमच्या दारासमोर सायकल टेकवून उभे राहत आणि म्हणत, "मिस्त्री, चाला ना." हे मी अजून विसरलो नाही. विसरायचंही नाही.

माझं नाव झालं होतं ते एका खास कामासाठी. ते काम आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

विहिरीवरच्या तेलाच्या इंजिनाला एक छोटी नळी असते. पोटातून निघते आणि बाहेर उघडीच राहते. मिस्त्री लोक तिला ब्रिदर म्हणतात. इंजिन चालू असलं की तिच्यातून थोडा धूर येतो आणि धुराबरोबर तेलाचे बारीक थेंब उडतात. आता वावरात पत्र्याची, कुलूप लागणारी खोली एकच असते, ती इंजिनाची. त्यामुळं वेचलेला कापूस बैलबंडी भरेपर्यंत कास्तकार तिथंच टाकतो. थेंब कापसावर पडतात. डागी कापूस अडतीत नेला की व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, नेमका डागाचाच पुंजका बाहेर काढतो आणि भाव पाडतो.

आसेगावच्या एका म्हाताऱ्या कास्तकारानं मला पहिल्यांदा विचारलं होतं, "मिस्त्री, या नळीचं तोंड बंद नाई करता येत का?" मी बाभळीचं लाकूड तासलं, बूच केलं, हातोडीनं नळीत ठोकलं. थेंब बंद. म्हातारा इतका खूश झाला की त्यानं मला सोप्यात बसवून कपबशीत चहा दिला, घरातल्याच कपबशीत. तीन वर्षांत मी अशा नऊ इंजिनांच्या नळ्या बंद केल्या. ती नळी कंपनीनं कशासाठी ठेवली हे मी कोणाला विचारलं नाही. विचारायची मला सवयच नव्हती.

कारंज्यात एक जैन शेठजी होते, कापसाचे व्यापारी. वय साठीच्या पुढं, अंगानं काडीसारखे, डोक्यावर पांढरी टोपी. बोलणं हळू. त्यांची सगळी चैन एका वस्तूत होती. नागपूरकडच्या कोण्या जमीनदाराच्या बंगल्यातून त्यांनी एक जुनी विलायती गाडी घेतली होती. हिरवीगार, दोनच माणसांची, वर छत नाही, आणि इतकी बुटकी की बसलं की बूड रस्त्यापासून वीतभर वर. शर्यतीची गाडी म्हणत तिला. शेठजीच्या गोदामाच्या आवारातले हमाल तिला बेडकी म्हणत. शेठजी स्वतः चालवत, आणि चालवताना त्यांची ती टोपी खिशात जाई.

त्या हिवाळ्यात बेडकी शिटी वाजवू लागली. जागेवर उभी असली की पुंगीसारखा आवाज काढायची, मागून निळा धूर सोडायची, आणि इंजिनाच्या वरच्या अंगाला पत्र्याची एक गोल डबी होती तिच्यातून तेल पाझरायचं. शेठजीनं मला बोलावलं. त्यांच्या हातात एक लहानशी खोकी होती.

"मिस्त्री, या डबीतलं रबर फाटलं. मुंबईहून नवं मागोलं. तीन महिने लागले. तेवढं बसवून दे."

मी खोकी उघडली. आत पापडाएवढा काळा पातळ पडदा आणि त्याच्या मधोमध एक छोटी सुई. सोबत घडी केलेला इंग्रजी कागद. मला हसू आलं.

"शेठजी, या पापडासाठी तीन महिने बसले तुमी? ही डबी ब्रिदरचीच आहे. मी दोन्ही नळ्या बंद करून टाकतो. तेल बी बंद, शिटी बी बंद."

"बंद करून चालते?"

"नऊ वावरातून तुमच्याकडे पांढरा कापूस येते. तो कसा येते मंग?"

शेठजीनं माझ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. खोकी खिशात ठेवली. "तू जाणकार हायेस. तुयी मर्जी."

मी डबी उतरवून गाडीतच ठेवली, बाभळीची दोन बुचं तासली, दोन्ही नळ्यांत ठोकली, वरून तार आवळली. गाडी चालू केली. शिटी गेली. धूर गेला. इंजिन इतकं सारखं चालू लागलं की हमाल पोती टाकून पाहायला आले. त्यांच्यातला एक म्हातारा हमाल होता, त्याची जीभ फार तिखट. तो म्हणाला, "अन् पुन्हा तेल गळलं तं?"

त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. पण मला ते लागलं. मी पाना वर धरला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "या बेडकीतून तेलाचा एक थेंब भुईवर पडला, तं मी हा पाना खाली ठेवीन. पुन्हा हातात धरणार नाई."

"आइकलं ना रे सगळ्यायनं?" तो हमाल म्हणाला. "मिस्त्री आपल्यात हमाली कराले येऊन राह्यले."

शेठजी म्हणाले, "धनजपर्यंत चक्कर मारून पाहू. पण मिस्त्री, सूर्य बुडायच्या आत मले घरी आनजो. त्याच्यानंतर मी अन्न बी घेत नाई अन् पानी बी नाई. उद्या सूर्य वर येईपर्यंत."

"तासाभराचं काम आहे," मी म्हणालो.

ती चक्कर मी आयुष्यभर विसरणार नाही. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना बंड्यांतून उडालेला कापूस अडकलेला होता, आणि आम्ही इतके खाली बसलो होतो की तो आभाळाला चिकटलेला दिसत होता. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. मी आयुष्यभर एका जागी बोल्टानं आवळलेली इंजिनं पाहिली होती. इथं एक इंजिन मला घेऊन पळत होतं. शेठजीचे दोन्ही हात चाकावर, ओठ मिटलेले, आणि चेहरा एखाद्या पोरासारखा. धनजला पारावरची माणसं उठून आली. एकानं वाकून विचारलं, "शेठजी, याच्यात चढा लागते का उतरा लागते?" शेठजी पहिल्यांदा मोठ्यानं हसले. मी मागच्या सीटवाल्यासारखा नाही, मालकासारखा छाती काढून बसलो होतो. मागची सीट तर नव्हतीच.

परत निघालो. दोन-तीन कोस आलो असू तर जळक्या तेलाचा वास आला. मी रस्त्याकडंच पाहत राहिलो. मग इंजिनाचा आवाज वाढे आणि गाडी मात्र तेवढी पळेना. एका लहान पुलाजवळ शेठजीनं गाडी कडेला घेतली. मी पुढचं बॉनेट उघडलं.

तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून उडून तारेत अडकली होती. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या चारी कडांतून तेल झिरपत होतं. खाली वाकून पाहिलं तर इंजिनाच्या मागच्या अंगातून धार लागली होती. थेंब नाही, धार. धुळीत काळी खूण पार मागं वळणापर्यंत गेली होती.

"तेल पातळ वापरलं तुमी," मी म्हणालो.

शेठजीनं वळणापर्यंत गेलेली ती खूण पाहिली.

मी पाना घेतला, जेवढे बोल्ट दिसले तेवढे आवळले. पुन्हा चालू केली. धार वाढली. मी म्हणालो, "मागचं पॅकिंग कच्चं आहे. विलायती माल." खरं सांगतो, आपण खोटं बोलतोय हे मला तेव्हाच कळत होतं. पण तोंड थांबत नव्हतं. मग तेल भरायचं टोपण काढून पाहावं म्हणून मी ते फिरवलं, तर ते माझ्या हातातून उडालं. गरम, घाण वाऱ्याची फुंकर तोंडावर आली, आणि तेल माझ्या डोळ्यांवर, मिशीवर. शेठजीनं इंजिन बंद केलं. त्यांनी आपला रुमाल पुढं केला, मग खिशातली खोकी काढली, कागदाची घडी उलगडली.

सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकायला आला होता.

"वाचू का?" त्यांनी विचारलं.

मला कोणी वाचून दाखवलेलं आवडत नसे. आजही आवडत नाही. तरी मी मान डोलावली.

ते थांबत थांबत वाचत होते आणि आमच्या बोलीत सांगत होते. इंजिनात पेट्रोल पेटतं तेव्हा थोडा धूर पिस्टनच्या बाजूनं खाली पोटात उतरतो. प्रत्येक फेऱ्याला थोडा थोडा. त्याला बाहेर पडायला वाट लागते. वाट नसली की तो पोटात दाटतो आणि जिथून जमेल तिथून तेलाला बाहेर ढकलतो. ही डबी ती वाट आहे. आतला पडदा ती वाट जेवढी पाहिजे तेवढीच उघडी ठेवतो.

शेठजी पुढचं वाचत होते आणि मी ऐकत नव्हतो. मी मोजत होतो. आसेगावच्या म्हाताऱ्याचं इंजिन, बूच ठोकल्यावर चार महिन्यांनी चाकाच्या दांड्याजवळून तेल टाकू लागलं होतं. मी त्याला स्वस्तातलं तेल वापरतो म्हणून ओरडलो होतो. दुसऱ्या एकाचं पॅकिंग तीनदा फाटलं. त्याला म्हणालो होतो, तुझं पोरगं इंजिन नीट पुसत नाही. एका पाटलाला तर मी नवं इंजिन घ्यायला सांगितलं होतं. नऊ इंजिनांच्या नाकात मी बूच ठोकलं होतं, आणि त्यांचा जीव गुदमरला की दोष मालकाला देत होतो.

"शेठजी," मी म्हणालो, "हे माह्याच हातानं झालं."

"असं दिसते," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "रबर एकच हाय, मिस्त्री. बसवतोस का तसेच जाऊ गाडी ओढाले बैलं पाहाले?"

"बसवतो."

"हात पाह्य तुये."

माझे हात मनगटापर्यंत काळे होते, वर धूळ. कागदावर लिहिलं होतं म्हणे की पडद्याला कचरा लागला तर तो नीट बसणार नाही. पुलाखालचा नाला कोरडा होता. शेठजीनं गाडीतून आपला तांब्या काढला. उकळलेलं पाणी, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. दुसरं पाणी ते पीत नसत, हे सगळ्या कारंज्याला माहीत होतं.

"ते तुमचं प्यायचं आहे," मी म्हणालो. "सूर्य अजून आहे. पिऊन घ्या."

"हात पुढं कर."

लहानपणी आम्हाला पाणी वरूनच मिळायचं. ओंजळ करून खाली बसायचं, आणि देणारा हात उंच धरून ओतायचा, शिवू नये म्हणून. बापाला तसं पिताना मी पाहिलं आहे. शेठजीनं पाणी ओतलं तेव्हा मी नकळत खाली बसायला लागलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला उभं ठेवलं. एका हातानं मनगट, दुसऱ्या हातानं तांब्या. मी पुलाजवळच्या मातीनं हात घासले, त्यांनी पुन्हा ओतलं, पुन्हा घासले. तांब्या रिकामा झाला. फडक्यानं त्यांनी माझी बोटं एकेक करून पुसली, जशी त्यांच्या दुकानातली तराजूची पारडी पुसत असतील. त्यांच्या धोतरावर माझ्या हाताचं तेल लागलं, ते त्यांनी पाहिलं आणि सोडून दिलं.

मग मी ती दोन बुचं उपटली. पहिलं निघालं तसा आतून सुस्कारा ऐकू आला. इंजिन बंद होतं, तरी पोटात दाटलेलं अजून बाहेर पडायचं होतं.

डबी जुन्या जागी बसवली. खाली स्प्रिंग, वर पडदा, सुई बरोबर भोकात. तो पडदा बोटावर घेतला तेव्हा मला समजलं की मी कशाला पापड म्हणालो होतो. घरी माझी पोरगी चाळीस दिवसांची होती. माझी माय रोज सकाळी तिची टाळू तेलानं भरायची आणि मला म्हणायची, हात लावून पाह्य, पण दाबू नको. हाडांच्या मधात ती एक मऊ जागा, जीव चालतो तशी वरखाली होणारी. लोखंडाच्या इतक्या मोठ्या धडात कोणीतरी तशी एक मऊ जागा ठेवली होती. ज्यानं ठेवली तो कोण, कोणत्या देशातला, मला ठाऊक नाही. पण तो माझ्यापेक्षा शहाणा होता. हे मान्य करायला मला अठ्ठावीस वर्षं लागली.

डबीचं झाकण लावलं, तारेची पकड बसवली. गाडीत ठेवलेल्या डब्यातलं तेल इंजिनात ओतलं. सूर्य बुडाला. शेठजीनं पश्चिमेकडे हात जोडले, क्षणभर डोळे मिटले, आणि मग चावी फिरवली.

शिटी नव्हती. "आता कागदात लिवलं हाय का तेलाचं टोपण काढून हात ठेवून पाहा," शेठजी म्हणाले. मी टोपण काढलं आणि तोंड बाजूला घेऊन तळहात त्या भोकावर ठेवला. मघाशी जिथून गरम फुंकर आली होती तिथं आता माझा तळहात हळूच आत ओढला जात होता. जोर नाही. तान्हं मूल बोट चोखतं तेवढाच. मी हात उचलला की इंजिन थोडं वेगळं बोले, ठेवला की पुन्हा सारखं. मी कितीदा तरी तसं केलं.  उपाशी माणूस, घसा कोरडा, तरी शेठजी उभे राहून पाहत होते. मग त्यांनीही आपला हात तिथं ठेवला.

"श्वास घेऊन राह्यली," ते म्हणाले.

मी आठ वर्षं इंजिनात हात घालत होतो. ते श्वास घेतं हे मला त्या दिवशी कळलं.

हळूहळू चालवत दिवेलागणीला आवारात आलो. हमाल वाटच पाहत होते. म्हातारा हमाल कंदील घेऊन गाडीखाली वाकला, बोट फिरवलं आणि काळं बोट सगळ्यांना दाखवलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "पाना?"

मी म्हणालो, "मी चुकलो. बूच मी ठोकलं. नळी बंद करायची नसते. हे मले माहीत नव्हतं अन् मी कोणाले विचारलं बी नाई. आणिक नऊ ठिकाणी मी हेच केलं." मग पाना आवाराच्या फरशीवर ठेवला. तो ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. पाटील ज्याच्या दाराशी येत तो माणूस त्या पान्याबरोबर खाली गेला असं मला वाटलं, आणि मी घराकडं वळलो.

"थांब," शेठजी म्हणाले. त्यांनी वाकून पाना उचलला. साठीचा माणूस, दुपारपासून पोटात काही नाही. तो पाना त्यांनी धोतराच्या त्याच तेल लागलेल्या सोग्यानं पुसला. "तू खाली ठेवलास तं ती नऊ बुचं कोण काढन? हा हमाल काढन का?"

"मले नका सांगू," म्हातारा हमाल म्हणाला. "माह्या हातानं दात बी निघत नाई."

"आधी नऊ काढ," शेठजी म्हणाले. "मंग येऊन पाना इथं ठेवजो. मी जागा राखून ठेवतो." आणि घराकडे चालू लागले. घरात त्यांच्यासाठी ना ताट होतं ना पाणी, सकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी पक्कड आणि पाना पिशवीत घातला, एसटी पकडली, आणि मंगरूळपीरला गाडी बदलून आसेगावात उतरलो. ऊन वावरावर चढलं होतं. शेठजीनं आता पहिलं पाणी घेतलं असेल, असं मनात आलं.

म्हातारा कास्तकार इंजिनाच्या खोलीपाशीच होता. आत छतापर्यंत पांढराशुभ्र कापूस. "या मिस्त्री, चहा सांगू का?" तो म्हणाला. मी म्हणालो, "चहा नको. मी तुमचं इंजिन बिघडवलं, ते दुरुस्त कराले आलो. तेल तुमचं चांगलंच होतं." त्याला कळायच्या आत मी बूच पक्कडीत धरून उपटलं. तीन वर्षांत ते तेलानं काळं आणि दगडासारखं झालं होतं. इंजिन चालू केलं. नळीतून धूर आला, आणि धुरामागून एक थेंब माझ्या तळहातावर पडला.

म्हाताऱ्यानं थेंबाकडं पाहिलं, मग कापसाकडं. "मिस्त्री, आता याचं कसं करा लागते? सारा डागन."

"तुमच्या सोप्यात नेऊन ठेवू," मी म्हणालो.

"एवढा? कोण नेईन?"

मी पिशवी खुंटीला लावली, खाली बसून कापसाचं पहिलं गाठोडं बांधलं, आणि डोक्यावर घेतलं.